मध्यरात्रीचा सूत्रधार : जॉनी कार्सन

अमेरिकेत रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक गृहस्थ अवतरतो, दिवसभराच्या बातम्यांवर काही मिनिटे विनोदी टीकाटिप्पणी करतो आणि मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारतो. वरकरणी पाहता यात राष्ट्राने गांभीर्याने घ्यावे असे काही नाही. तरीही जुलै २०२५ मध्ये सी. बी. एस. कंपनीने स्टीफन कोल्बेर यांचा असा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर मोठे वादंग माजले. निर्णय केवळ आर्थिक आहे, असे कंपनीने सांगितले. टीकाकारांना त्यात राजकीय दडपणाचा वास आला. लगेच सप्टेंबरमध्ये ए. बी. सी. कंपनीने जिमी किमेल यांचा कार्यक्रम एका वक्तव्यावरून काही दिवस थांबविला व नंतर पुन्हा सुरू केला. विदूषकाच्या बोलण्याला एवढे वजन कोठून आले, हा प्रश्न अशा वेळी साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधू जाता ज्याच्यापाशी थांबावे लागते, त्या जॉनी कार्सन यांच्या जन्माला त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर २०२५ रोजी, शंभर वर्षे पूर्ण झाली.

हा कार्यक्रम कार्सन यांनी निर्माण केला नाही. एन. बी. सी. कंपनीने २७ सप्टेंबर १९५४ रोजी 'टुनाइट' देशभर दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याचे सूत्रधार स्टीव्ह ॲलन होते. प्रारंभीचे निवेदन, वाद्यवृंद, टेबल, प्रेक्षकांत मिसळून केलेली थट्टामस्करी ही सारी घडण बव्हंशी त्यांची. ॲलन हे पियानो वाजविणारे, गीते रचणारे, कल्पनांनी उसळणारे गृहस्थ होते. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये आलेले जॅक पार यांचा पिंड अगदी निराळा. ते भावनाप्रधान, चटकन रागावणारे व चटकन डोळ्यांत पाणी आणणारे. संभाषण हेच त्यांचे खरे सामर्थ्य. फेब्रुवारी १९६० मध्ये शौचालयाविषयीचा त्यांचा एक साधा विनोद कंपनीने परस्पर कापून टाकला, तेव्हा चालू कार्यक्रमातून ते तडकाफडकी निघून गेले आणि जवळजवळ महिन्याने परतले. आज पार काय करतील, या उत्सुकतेपोटीच अनेक लोक जागत असत. मार्च १९६२ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली, तेव्हा त्यांची जागा भरून निघणे अशक्य आहे, असेच बहुतेकांना वाटले.

नेब्रास्काचा जादूगार

१ ऑक्टोबर १९६२ रोजी ज्या ३६ वर्षांच्या तरुणाने ही जागा घेतली, तो मूळचा अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान मुलखातला. कार्सन यांचा जन्म आयोवा राज्यातील कॉर्निंग या लहान गावी झाला. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब नेब्रास्कातील नॉरफोक येथे स्थायिक झाले. वडील वीज कंपनीत नोकरीला होते. या मुलाच्या हाती जादूच्या खेळांचे एक पुस्तक लागले आणि त्याने त्याचा नादच घेतला. वयाच्या १४व्या वर्षी 'द ग्रेट कार्सोनी' असे भारदस्त नाव धारण करून तो गावातील मंडळांपुढे प्रयोग करू लागला. स्वभावाने संकोची मुलाला चारचौघांत उभे राहण्यासाठी जादूच्या टेबलाचा आधार मिळाला. पुढे तीस वर्षे हा माणूस टेबलामागेच बसला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा संपवून कार्सन नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाले व १९४९ मध्ये पदवीधर झाले. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. रेडिओवरील नामवंत विनोदकारांचे विनोद ध्वनिमुद्रित करून ते कसे बांधले जातात, याचे त्यांनी विश्लेषण केले. विनोद ही केवळ दैवी देणगी नसून तिच्यामागे शास्त्र आहे, अशी त्यांची धारणा होती. ज्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले त्या जॅक बेनी यांच्याकडून त्यांनी एक गोष्ट पक्की उचलली. हशा दुसऱ्याच्या वाक्याला मिळाला, तरी त्याचे श्रेय अखेरीस कार्यक्रमालाच मिळते, ही ती गोष्ट.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. ओमाहातील नभोवाणी केंद्र, लॉस एंजेलिसमधील स्थानिक कार्यक्रम, रेड स्केल्टन या विनोदी नटासाठी लेखन असे टप्पे झाले. ऑगस्ट १९५४ मध्ये तालमीत स्केल्टन जखमी झाले आणि ऐन वेळी कार्सन यांना त्यांच्या जागी उभे करण्यात आले. त्यातून मिळालेला स्वतःचा कार्यक्रम मात्र १९५५-५६ मध्ये वर्षभरही तग धरू शकला नाही. हे अपयश पदरी घेऊन ते न्यूयॉर्कला आले व १९५७ पासून पाच वर्षे त्यांनी ए. बी. सी.वर एक प्रश्नमंजूषा चालविली. तिचे नाव पुढे 'हू डू यू ट्रस्ट?' असे ठेवण्यात आले. तुमचा विश्वास कोणावर, असा प्रश्न विचारणारा हा मनुष्य पुढे स्वतःच त्या प्रश्नाचे उत्तर ठरावा, हा नियतीचा विनोद म्हणावा लागेल.

समोरच्याला मोठे करणारा

ॲलन यांच्याइतकी कल्पकता कार्सन यांच्यापाशी नव्हती, पार यांच्याइतका भावनावेगही नव्हता. त्यांच्यापाशी होते ते अवधान. पाहुणा रंगला की ते मागे सरत, पाहुणा अडखळला की हळूच आधार देत आणि स्वतःचा विनोद फसला की त्या फसण्यावरच हशा मिळवीत. आपल्या संगीत नाटकातील सूत्रधार नांदी आटोपून रंगमंच पात्रांच्या स्वाधीन करतो; हा सूत्रधार रंगमंचावरच थांबून तेच साधत असे.

या अवधानाला कठोर बाजूही होती. ऑगस्ट १९७३ मध्ये मनःशक्तीने चमचे वाकविल्याचा दावा करणारे उरी गेलर कार्यक्रमात आले. बालपणीचा जादूगार येथे जागा झाला. जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेऊन कार्सन यांनी साहित्य स्वतःच पुरविले आणि त्याला आधी कोणाचा हात लागणार नाही, अशी व्यवस्था केली. वीसेक मिनिटे गेलर प्रयत्न करीत राहिले. काहीही घडले नाही. कार्सन यांनी ना टोमणा मारला ना उपदेश केला, ते शांतपणे वाट पाहत राहिले. दुसरीकडे कार्ल सेगन यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाला त्यांनी वारंवार बोलावले आणि विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा झोपेला आलेल्या सामान्य माणसाच्या घरात पोहोचविली.

उदयोन्मुख विनोदकारांच्या दृष्टीने तर हा कार्यक्रम म्हणजे प्रवेशपरीक्षाच होती. प्रयोग संपल्यावर कार्सन यांनी शेजारच्या कोचावर येऊन बसण्याची खूण केली की एका रात्रीत नशीब उघडत असे. डेव्हिड लेटरमन, जेरी साइनफेल्ड, रोझॅन बार अशा अनेकांची कारकीर्द या मंचावर उभी राहिली. मात्र दार एकच आणि द्वारपालही एकच, ही व्यवस्था निर्दोष असू शकत नाही. एलन डीजेनेरस या पहिल्याच खेपेस कोचावर बोलाविल्या गेलेल्या पहिल्या स्त्री-विनोदकार ठरल्या, तेव्हा १९८६ साल उजाडले होते. त्याच वर्षी, कार्सन यांच्या अनुपस्थितीत कायम सूत्रसंचालन करणाऱ्या जोन रिव्हर्स यांनी प्रतिस्पर्धी वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला. ही गोष्ट त्यांनी आपल्याला आधी सांगितली नाही, या रागापोटी कार्सन त्यांच्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत. ज्यांनी घडविले त्यांनीच दार कायमचे लावून घेतले.

एका विनोदाची किंमत

या माणसाच्या शब्दाचे सामर्थ्य किती होते, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावे अशा एका घटनेने दाखवून दिले. १९७३ च्या अखेरीस तेलटंचाईने अमेरिकन नागरिक धास्तावलेला होता. कागदाचा लगदा कमी पडत असल्याने टॉयलेट पेपरचा तुटवडा पडू शकेल, असे विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी हॅरल्ड फ्रेलिक यांनी एका पत्रकात म्हटले होते. १९ डिसेंबरच्या रात्री कार्सन यांनी त्यावर विनोद केला. दुसऱ्या दिवशी लोक दुकानांवर तुटून पडले. फळ्या रिकाम्या झाल्या, दुकानदारांना माणशी विक्रीवर मर्यादा घालावी लागली. प्रत्यक्षात उत्पादनात तशी घट झालीच नव्हती. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाने साठा केला आणि या शहाणपणाच्या बेरजेतून नसलेली टंचाई निर्माण झाली. अखेर कार्सन यांना पडद्यावरूनच खुलासा करावा लागला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खासदाराच्या गंभीर पत्रकाने जे झाले नाही ते विदूषकाच्या थट्टेने झाले. त्या काळी अमेरिकेत तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि त्या वेळेस बहुसंख्य जागे लोक एकच चेहरा पाहत होते. जोई बिशप, मर्व्ह ग्रिफिन, डिक कॅव्हेट असे प्रतिस्पर्धी उभे करण्यात आले. एकालाही त्यांना हलविता आले नाही. शिवाय हा धंदा कमालीचा किफायतशीर होता. नाटके वा चित्रपट यांच्या मानाने निर्मितिखर्च अल्प, पाहुणे प्रसिद्धीच्या मोबदल्यात किमान मानधनावर येत आणि जाहिराती भरपूर. कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा आपल्या खुर्चीवर अवलंबून आहे, हे कार्सन यांनी ओळखले. १९७९ मध्ये त्यांनी जाण्याची भाषा केली आणि १९८० च्या करारात कामाचे दिवस कमी, वेळ नव्वदऐवजी साठ मिनिटे व कार्यक्रमाची मालकी, एवढे पदरात पाडून घेतले. पगारदार नटाचा मालक झाला.

मौनाचा हिशेब

एवढी लोकप्रियता आणि एवढी आर्थिक निर्भयता हाती असताना कार्सन यांनी तिचे काय केले? केनेडींपासून थोरल्या बुशपर्यंत सात राष्ट्राध्यक्षांवर त्यांनी विनोद केले. वॉटरगेटच्या काळात त्यांच्या निवेदनातील रोख पाहून लोकमताचा वारा ओळखला जाई. परंतु व्हिएतनाम असो वा वर्णविद्वेष, आपले स्वतःचे मत त्यांनी प्रेक्षकांना कळू दिले नाही. विनोदकाराने आपल्या मंचाचा उपयोग मतप्रचारासाठी करू नये, ही त्यांची निष्ठा होती. कॅव्हेट यांनी याच्या नेमके उलट केले. जून १९७१ मध्ये त्यांनी युद्धावरून जॉन केरी व जॉन ओ'नील या दोन माजी सैनिकांचा समोरासमोर वाद घडविला. लोकशाहीला अशा वादाची गरज होती, हे निर्विवाद. परंतु कॅव्हेट यांचा प्रेक्षकवर्ग लहान होता आणि लहानच राहिला.

कार्सन यांचे मौन निव्वळ तत्त्वनिष्ठ होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सर्व पक्षांचे गिऱ्हाईक राखणाऱ्या दुकानदाराला मौन फायद्याचेच असते. पण ते निव्वळ व्यापारी होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. विश्वास हे असे भांडवल आहे की जे साठवायला वर्षे लागतात आणि उधळायला एक रात्र पुरते, हे त्यांना १९७३ च्या डिसेंबरात उमगले असावे.

मोबदला त्यांनी खाजगी आयुष्यात मोजला. चार विवाह झाले, त्यांपैकी तीन मोडले. जून १९९१ मध्ये मधला मुलगा रिचर्ड मोटार अपघातात दगावला. पडद्यावर परतल्यावर एका कार्यक्रमाच्या अखेरीस त्यांनी मुलाने टिपलेली छायाचित्रे दाखविली, मोजके बोलले आणि निरोप घेतला. २२ मे १९९२ रोजी ते निवृत्त झाले. तो अखेरचा कार्यक्रम सुमारे ५ कोटी लोकांनी पाहिला. त्यानंतर ते प्रकाशझोतापासून जवळजवळ पूर्ण दूर राहिले. आपल्या द्रव्यातून गावी आईवडिलांच्या नावे कर्करोगोपचार केंद्र आणि विद्यापीठास देणग्या, एवढ्याच खुणा उमटत राहिल्या. आजन्म धूम्रपानाने पोखरलेल्या फुप्फुसांच्या विकाराने २३ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. निवृत्तीतही ते अधूनमधून विनोद लिहून लेटरमन यांना पाठवीत होते, हे त्या सुमारास उघड झाले. ३१ जानेवारीच्या रात्री लेटरमन यांनी आपले निवेदन सर्वस्वी त्याच विनोदांचे केले आणि मग ते कोणाचे, हे सांगितले. शेवटचा हशाही दुसऱ्याच्या तोंडून.

सर्वांत श्रेष्ठ सूत्रधार कोण, हा वाद अमेरिकेत आजही रंगतो. कोणी ॲलन यांच्या कल्पकतेला, कोणी पार यांच्या उत्कटतेला, कोणी लेटरमन यांच्या तिरकसपणाला कौल देईल. पण कार्सन यांची बरोबरी आता कोणाला करता येणार नाही, कारण त्यांचा चौकच राहिलेला नाही. तीन वाहिन्यांच्या जागी अगणित पडदे आले, प्रेक्षक विखुरला आणि ज्याला आपल्यापुरताच प्रेक्षक उरला त्याला बाजू घेणे क्रमप्राप्त झाले. त्याबद्दल आजच्या विनोदकारांना दोष देण्यात अर्थ नाही. खेदाची गोष्ट वेगळी आहे. ज्याच्यापाशी बोलण्याची संपूर्ण निर्भयता होती त्याने मौन पसंत केले. आणि ज्यांना बोलावयाचे आहे, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र मालकाच्या ताब्यात आहे. त्या मौनाचे मूल्य तेव्हा होते, कारण ते स्वेच्छेने पाळलेले होते. भीतीने पाळलेल्या मौनाला ते मूल्य कधीच येणार नाही.