विश्लेषण : रेडिएशनच्या मात्रेला ‘ग्रे’ हे नाव कोणामुळे?

कर्करोगावरील रेडिएशनची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांचे. पेशीतील ऑक्सिजनवर उपचाराचे यश कसे अवलंबून असते, हे त्यांनी डॉक्टरांना पटवून दिले.

भौतिकशास्त्रातून रुग्णालयात

ग्रे यांचा जन्म १९०५ साली लंडनमधला. घरची स्थिती बेताची, पण शिष्यवृत्तीच्या बळावर ते केंब्रिजला पोहोचले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गॅमा किरणांवर काम करून ते १९३३ साली लंडनजवळच्या माउंट व्हर्नन रुग्णालयात रुजू झाले. किरणांचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो, हा प्रश्न पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय ठरला.

ऑक्सिजनमुळे काय होते?

किरण पेशीत शिरले की डीएनएवर घाव होतात. ऑक्सिजन नसेल तर यातले बरेच घाव पेशीतील इतर रसायने लगेच बुजवतात. ऑक्सिजन मात्र घावाला चिकटतो आणि तो पक्का करतो. त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला एक्स-रेची अडीच ते तीनपट मात्रा लागते. दाबून धरलेल्या, रक्त कमी झालेल्या त्वचेवर किरणांचा परिणाम कमी होतो, हे १९०९ सालीच दिसले होते. ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली त्याचा थेट संबंध उपचाराशी जोडला.

पद सोडले, काम नाही

त्याच वर्षी संशोधनाच्या दिशेवरून मतभेद झाले आणि ग्रे हॅमरस्मिथ रुग्णालयातून बाहेर पडले. माउंट व्हर्ननला त्यांनी नवी प्रयोगशाळा उभारली. १९५५ साली थॉमलिन्सन यांच्यासोबत त्यांनी फुप्फुसाच्या गाठींचे नमुने तपासले. रक्तवाहिन्यांलगतचा जिवंत पेशींचा थर ०.२ मिलिमीटरहूनही पातळ होता. त्यापलीकडच्या पेशी मेलेल्या होत्या. ऑक्सिजन तिथवर पोहोचतच नव्हता. या दोहोंच्या सीमेवर अर्धपोटी जगणाऱ्या पेशी किरणांतून वाचतात आणि गाठ पुन्हा वाढू शकते, असा त्याचा अर्थ होता.

आज उपयोग काय?

रेडिएशन अनेक दिवसांत विभागून देण्यामागे हेही एक कारण आहे. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळू लागतो आणि पुढची मात्रा त्यांना गाठते. ग्रे यांचे १९६५ साली निधन झाले. दहा वर्षांनी, १९७५ साली, त्यांचे नाव आंतरराष्ट्रीय एककाला मिळाले : एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा एक ग्रे.