घरावरचा पत्रा पन्हळी का असतो? त्यामागे आहे लंडनच्या गोदीतला एक इंजिनिअर

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलं की पेणनंतर कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. मे महिन्यात या पट्ट्यातून जाताना खिडकीबाहेर बघा, कोणी ना कोणी छपरावर चढलेलं दिसतंच. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि घराघरात एकच वाद चालू असतो. यंदा कौलं परतून घ्यायची, की एकदाचा पत्रा टाकून मोकळं व्हायचं?

कौलाच्या बाजूने घरातली म्हातारी माणसं असतात. पत्र्याच्या बाजूने मुंबईहून पैसे पाठवणारा मुलगा असतो. आणि माकडं असतात. माकडांनी नाचून फोडलेली कौलं दरवर्षी बदलून जो कंटाळला, तो शेवटी पत्र्यावर येतोच.

हा वाद 3 जून 2020 ला एकदम गंभीर झाला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. कौलं फुटली, पण पत्रे अख्खेच्या अख्खे उडाले आणि कोणाच्या तरी आंब्याच्या झाडात जाऊन अडकले. त्यानंतर ताडपत्री आणि पत्र्यांसाठी काय रांगा लागल्या, ते रायगडकरांना वेगळं सांगायला नको.

आता गंमत अशी, की ज्या माणसाने हा पन्हळी पत्रा जन्माला घातला, त्याच्या डोक्यात कोणाचं घर नव्हतंच. कोकण तर नव्हताच नव्हता. त्याचं नाव हेन्री रॉबिन्सन पामर.

पामरचा जन्म 1790 च्या दशकातला, लंडनजवळच्या हॅकनीचा. वडील सॅम्युएल पामर हे धर्मोपदेशक, पण इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फटकून राहणाऱ्या पंथाचे. अशा घरातल्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या मिळत नसत. मग ही हुशार मुलं धंद्यात नाहीतर यंत्रांच्या कारखान्यात जायची. पामरही ब्रायन डॉन्किन या नामांकित यंत्रकाराकडे उमेदवारीला लागला. हात काळे करून तो लोखंड शिकला आणि पुढे त्याला हेच कामी आलं.

तिथून तो थॉमस टेलफोर्डकडे गेला. टेलफोर्ड म्हणजे त्या काळातला रस्ते, कालवे आणि पुलांचा बादशहा. त्याच्या हाताखाली काम करताना पामरला एक गोष्ट खटकत होती. इंजिनिअर व्हायचं तर कोणातरी मोठ्या माणसाच्या मागे फिरायचं आणि जे कानावर पडेल ते शिकायचं. ना शाळा, ना संस्था. म्हणून 2 जानेवारी 1818 ला लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कॉफी हाऊसमध्ये काही तरुण जमले आणि त्यांनी एक संस्था काढली. ही कल्पना पामरची, आणि तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. ती संस्था म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स. पोरांच्या संस्थेला सुरुवातीला कोणी विचारेना, तेव्हा 1820 मध्ये त्यांनी टेलफोर्डलाच पहिला अध्यक्ष केलं आणि मग तिला वजन आलं. आज दोनशे वर्षांनंतरही ती संस्था चालू आहे.

पुढे 1821 मध्ये पामरने एक पेटंट घेतलं, तेही ऐकण्यासारखं आहे. रेल्वेला दोन रूळ कशाला, एकच पुरे, असं त्याचं म्हणणं. खांबांवर एक रूळ टाकायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माल लटकवायचा. लमाणांच्या बैलाच्या पाठीवर जशा दोन्हीकडे गोणी असतात, अगदी तसं. ओढायला घोडा. 1825 मध्ये लंडनच्या उत्तरेला चेशंटला अशी गाडी सुरू झाली. ती मुख्यतः विटा वाहायची, पण उद्घाटनाच्या दिवशी माणसंही बसली. मुंबईत चेंबूर ते वडाळा मोनोरेल 2014 मध्ये धावली, तिचं खापरपणजोबा म्हणावं असं हे पेटंट. धंदा म्हणून ते फारसं चाललं नाही. मोनोरेलचं नशीब तेव्हापासून तसंच आहे म्हणा.

1826 मध्ये पामर लंडनच्या गोदीत निवासी इंजिनिअर झाला आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

जगभरातून माल घेऊन जहाजं तिथे लागत होती. साखर, दारू, तंबाखू, टर्पेंटाइन. हा माल उतरवायचा तर डोक्यावर छप्पर हवं, आणि तेही रुंद. मधे खांब आले की गाड्या फिरत नाहीत. त्या वेळी रुंद छपराचा मार्ग एकच होता, जाडजूड लाकडी कैच्या आणि त्यावर पाटीचा दगड किंवा कौलं. वजन प्रचंड, खर्च प्रचंड, आणि आग लागली की सगळंच खाक. लोखंडाचा पातळ पत्रा तोवर लाटता येत होता, पण सपाट पत्रा छपराला टाकला की तो झोळीसारखा लोंबायचा. जाड घ्यावा तर वजन आणि किंमत पुन्हा तिथेच.

पामरने पत्रा जाड केला नाही. त्याने तो दुमडला. खाचा पाडलेल्या दोन रुळांमधून सपाट पत्रा घालायचा आणि पलीकडून लाटा पडलेला काढायचा. रसवंतीच्या चरकातून ऊस जावा, तसं. 28 एप्रिल 1829 ला त्याला या युक्तीचं पेटंट मिळालं.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर वहीचा एक कागद घ्या. दोन पुस्तकांच्या मधे पुलासारखा ठेवा. स्वतःच्या वजनानेच तो खाली लोंबेल. आता त्याच कागदाच्या जपानी पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. त्यावर पेन ठेवलं तरी तो हलणार नाही. कागद तोच, वजन तेच. कुठलीही वस्तू वाकायला किती विरोध करते, हे तिच्यातला माल मधल्या रेषेपासून किती वर-खाली पसरला आहे यावर ठरतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला साधारण 17-18 मिलिमीटर उंचीच्या लाटा पाडल्या, की त्या लाटांच्या दिशेने त्याचा ताठपणा हजार पटींहून जास्त वाढतो. लोखंड मात्र सपाट पत्र्यापेक्षा थोडंसंच जास्त लागतं. आणि लाटांच्या खळग्यांतून पावसाचं पाणी आपोआप वाहून जातं ते वेगळंच. म्हणून तर मराठीत त्याला पन्हळी पत्रा म्हणतात.

1830 मध्ये पामरने लंडन गोदीत टर्पेंटाइन ठेवायची शेड याच पत्र्याने झाकली. पत्र्याला कमानीचा बाक दिला, त्यामुळे खाली लाकडी सांगाड्याचं ओझंच उरलं नाही. टर्पेंटाइन म्हणजे काडी लागली की भडकणारा माल. त्याच्यावर न जळणारं छप्पर आलं, हे गोदीवाल्यांसाठी केवढं मोठं असेल बघा.

इथे कोणालाही वाटेल, की बाबा कोट्यधीश झाला असणार. तसं काही झालं नाही. पामरने ते पेटंट रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाला विकून टाकलं. पत्रे बनवायचा धंदा वॉकरने केला आणि पामर आपल्या गोद्या, बंदरं आणि रेल्वेच्या पाहण्यांकडे परत गेला. 1831 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावरचे गोटे कसे सरकवतात, यावर त्याने शोधनिबंध लिहिला. लंडन ते डोव्हर रेल्वेमार्गाची पाहणी केली, इप्सविचची गोदी बांधली.

त्या काळी पेटंट चौदा वर्षं चालायचं. म्हणजे पत्र्याचं पेटंट 1843 मध्ये संपलं आणि तो कोणीही बनवायला मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1844 मध्ये पामर गेला. जगाने त्याच्या पत्र्याचं पुढे काय केलं, ते त्याला बघायला मिळालंच नाही.

पत्र्यात एक दोष तोवर उरला होता. गंज. पामरचा पत्रा साध्या लोखंडाचा, त्याला रंग फासत राहावं लागायचं. त्याच्या हयातीतच, 1837 मध्ये, फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनिअरने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्ताची खुबी अशी, की ते आधी स्वतः झिजतं आणि तोवर लोखंडाला हात लागू देत नाही. पन्हळ आणि जस्त एकत्र आले आणि पत्र्याला जग मोकळं झालं. 1849 मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात. दोन्हीकडे माणसं हजारोंनी पोचली आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. एकावर एक रचले की पत्रे जहाजात जागाच खात नाहीत. तिथून गोदीच्या शेडचा पत्रा माणसांच्या घरांवर चढला. हिंदुस्थानातही तो विलायतेहूनच यायचा. आधी गोदामं, कारखाने आणि छावण्या, मग गावोगावची घरं.

कोकणात मात्र तो येईपर्यंत गडी तयार होता. इथे आधी कुंभाराची नळीची कौलं होती. ती दरवर्षी उतरवून पुन्हा शाकारायला लागायची. मग 1865 मध्ये जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही सपाट मंगलोरी कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर आली आणि मुंबईपर्यंत पोचली.

आता निडीतल्या त्या वादाकडे परत येऊ. एका चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौलं लागतात आणि त्यांचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं. तेवढ्याच जागेचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भरतो साडेचार किलोच्या आसपास. ब्रासमध्ये बोलायचं तर कौलं जवळपास पावणेचारशे किलो आणि पत्रा चाळीस-पंचेचाळीस किलो. त्यामुळे कौलांना चांगले जाड वासे आणि जवळजवळ रिपा लागतात. लाकूड आज परवडत नाही आणि कौलं बसवणारा सुतार मिळत नाही. पत्र्याला लोखंडी पाइप पुरतो आणि दोन दिवसांत काम संपतं. पामरला गोदीत जे हवं होतं, तेच हे.

पण वादळात हाच हिशोब उलटतो. ताशी 110 किलोमीटरचा वारा छपरावरून जाताना कडांजवळ दर चौरस मीटरला पन्नासेक किलोच्या जोराने छप्पर वर ओढू शकतो. चाळीस किलोचं कौल स्वतःच्या वजनाने बरंच तग धरतं, आणि हरलं तरी एकेक सुटतं. साडेचार किलोच्या पत्र्याचं वजन इथे काहीच कामाचं नाही. तो फक्त हुकांवर टिकतो. एक हुक सुटला की शेजारच्यावर भार, आणि मग अख्खं पान उलटतं. आतून दार-खिडकी उघडी राहिली असेल तर वारा खालूनही ढकलतो.

म्हणून पत्रा टाकायचाच असेल, तर पैसे वाचवायची जागा हुक आणि वायसर ही नव्हे. पागोळीच्या कडेला, आढ्याला आणि दोन्ही टोकांना हुक मधल्यापेक्षा जवळजवळ हवेत. हुक पन्हळीच्या उंचवट्यावर घ्यायचा, खळग्यात नाही, कारण पाणी खळग्यातून वाहतं. पत्रा भिंतीबाहेर फार लांब काढला की वाऱ्याला आयती मूठ मिळते. आणि पाइपाचा सांगाडाच भिंतीत नीट बांधलेला नसेल, तर पत्रा सांगाड्यासकट उडतो. पत्रा कमी उतारावर चालतो म्हणून अगदी सपाट बसवायचा मोहही टाळलेला बरा. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे वाऱ्याने उलटं चढलेलं पाणी जोडांतून आत येतं.

उकाडा आणि आवाज हे दोन हिशोब कौलाच्याच बाजूने आहेत. कौलांच्या फटींतून घर श्वास घेतं. पत्र्याखाली एप्रिलची दुपार आणि जुलैची रात्र कशी जाते, हे तिथे झोपलेल्यालाच विचारावं.

अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही असाच पेच येतो. तिथे कौलाच्या जागी डांबराच्या चकत्या असतात, ज्यांना शिंगल म्हणतात. त्या स्वस्त, खिळ्यांनी ठोकलेल्या आणि काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या. समोर असतो महागडा पण जास्त टिकणारा धातूचा पत्रा, ज्यावरून बर्फ घसरून जातो. कधी कधी खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर.

इकडे कोकणात गेल्या काही वर्षांत एक तिसराच माल बाजारात आला आहे. लांबून बघितलं तर तांबडी मंगलोरी कौलं, जवळ जाऊन टिचकी मारली तर टणकन वाजणारा रंगीत पत्रा. म्हाताऱ्यांना कौलं दिसतात, मुलाला दरवर्षीची शाकारणी नाही आणि माकडांनाही फोडायला काही उरत नाही. त्या कौलांचा आकार मंगळूरचा आहे, पण त्याला ताठ ठेवणारी घडी मात्र पामरचीच.