रिच मलिन्स

रिचर्ड वेन मलिन्स (जन्म : २१ ऑक्टोबर, १९५५, रिचमंड, इंडियाना; मृत्यू : १९ सप्टेंबर, १९९७, इलिनॉय) हे अमेरिकन गायक, गीतकार आणि वादक होते. लोकसंगीताच्या वळणाच्या ख्रिस्ती रॉक संगीतासाठी ते ओळखले जातात. १९९३ साली प्रकाशित झालेला 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड' हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा अल्बम मानला जातो.

प्रारंभिक जीवन

मलिन्स यांचे वडील झाडांची रोपवाटिका चालवीत. आईच्या बाजूने क्वेकर पंथाचे संस्कार घरात होते. पियानोचे पहिले धडे त्यांना पणजीकडून मिळाले. १९७४ मध्ये त्यांनी सिनसिनाटी येथील बायबल महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९८२ मध्ये एमी ग्रँट यांनी त्यांचे एक गीत आपल्या 'एज टू एज' या अल्बममध्ये गायल्यानंतर गीतकार म्हणून त्यांचे नाव झाले. 'ऑसम गॉड' (१९८८) हे त्यांचे गीत पुढे असंख्य चर्चमध्ये गायले जाऊ लागले. स्वतः मलिन्स यांना मात्र ते रचनेच्या दृष्टीने फारसे चांगले वाटत नसे.

१९९३चा अल्बम

अल्बमच्या नावातील 'रॅगमफिन' म्हणजे फाटक्या कपड्यांतले रस्त्यावरचे पोर. हा शब्द ब्रेनन मॅनिंग यांच्या पुस्तकातून आला असून देवाची कृपा लायकी पाहून मिळत नाही, हा त्यामागील विचार आहे. अल्बमचा पूर्वार्ध चर्चमधील उपासनाविधीच्या क्रमाने जातो: आरंभी यशयाच्या ग्रंथातील ५२:१० या वचनावरील गीत, मध्ये आपल्या दुर्बलतेची कबुली देणारे 'होल्ड मी जीझस', मग 'क्रीड' आणि शेवटी प्रभुभोजनाचे गीत. उत्तरार्ध अमेरिकेत वाढलेल्या माणसाला मिळालेल्या वारशाविषयी आहे. त्यात १९९२ मध्ये निधन पावलेले गीतकार मार्क हर्ड यांचेही एक गीत आहे.

'क्रीड'चे शब्द प्रेषितांच्या मतांगीकारावर आधारलेले आहेत. उपासनेत एका सुरात म्हटला जाणारा हा जुना मजकूर मलिन्स यांनी हॅमर्ड डल्सिमरच्या वेगवान तालावर बसवला. हे वाद्य तारांवर हलक्या काठ्यांनी आघात करून वाजवतात. भारतीय श्रोत्यांना त्यावरून संतूरची आठवण व्हावी. त्या काळी ख्रिस्ती संगीताच्या बाजारात सिंथेसायझरचे गुळगुळीत ध्वनी प्रचलित होते. अशा वेळी मतांगीकारासारखा पाठ लोकवाद्याच्या साथीने रॉकच्या श्रोत्यांपुढे ठेवणे धाडसाचे होते आणि या अल्बमची खरी ताकद तेथेच आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती संगीतातील शंभर श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला तिसरे स्थान मिळाले.

उत्पन्न आणि नावाहो प्रदेश

मलिन्स आपली कमाई थेट स्वतःकडे घेत नसत. अमेरिकेतील सर्वसाधारण कामगाराच्या पगाराइतकी रक्कम त्यांना दिली जाई, उरलेली धर्मादाय कामांना जाई. आपल्या गीतांनी एकूण किती पैसा मिळवला, हे जाणून घेण्याचेही ते टाळत. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे फ्रेंड्स विद्यापीठातून त्यांनी १९९५ मध्ये संगीत-शिक्षणाची पदवी घेतली. लोकप्रियता ऐन भरात असताना ते न्यू मेक्सिकोतील नावाहो प्रदेशात राहण्यास गेले व तेथील मुलांना संगीत शिकवू लागले. संत फ्रान्सिस यांच्या जीवनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. ते कथानक अमेरिकेच्या पश्चिमेकडील मैदानी प्रदेशात घडते असे कल्पून त्यांनी सहकाऱ्यांसह 'कँटिकल ऑफ द प्लेन्स' हे संगीतनाट्य रचले. अखेरच्या काळात ते कॅथलिक पंथाची शिकवण घेत होते. त्या पंथात त्यांचा रीतसर प्रवेश मात्र झाला नाही.

मृत्यू

१९ सप्टेंबर, १९९७ रोजी इलिनॉयमध्ये त्यांची जीप उलटली. सीटबेल्ट न लावल्यामुळे ते आणि सहकारी मिच मॅकव्हिकर बाहेर फेकले गेले. त्यांच्या जीपला चुकवण्यासाठी वळलेल्या एका ट्रकची धडक मलिन्स यांना बसली. मॅकव्हिकर गंभीर जखमी झाले, पण वाचले. अपघाताच्या काही दिवस आधी मलिन्स यांनी एका ओस पडलेल्या चर्चमध्ये साध्या कॅसेट रेकॉर्डरवर येशूच्या जीवनावरील नवी गीते गाऊन ठेवली होती. १९९८ मध्ये 'द जीझस रेकॉर्ड' या नावाने ती प्रकाशित झाली. त्यातील एका तबकडीवर हे कच्चे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवले असून दुसरीवर त्याच गीतांना रॅगमफिन बँडची साथ आहे.