एका शब्दासाठी भांडलेल्या हंसाबेन

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन येतो, चार भाषणे होतात आणि संपतो. पनवेलहून मुंबईला निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात त्या दिवशी कुणी हंसा मेहता हे नाव काढले, तर किती जणींना ओळख पटेल? आणि तरीही जगाच्या त्या जाहीरनाम्यातला एक शब्द या बाईंनी बदलून घेतला.

हंसाबेनचा जन्म ३ जुलै १८९७ चा, सुरतेचा. वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. म्हणजे सयाजीरावांचे बडोदे, मुलींच्या शिक्षणाला राजाश्रय असलेले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, पत्रकारिता आणि समाजशास्त्र शिकल्या. तिथे सरोजिनी नायडूंची गाठ पडली आणि १९२० साली त्यांच्याबरोबर जिनिव्हाची महिला परिषदही पाहून झाली. परत येऊन लग्न केले ते डॉ. जीवराज मेहतांशी, केईएमच्या पहिल्या डीनशी. नागर ब्राह्मणाची मुलगी आणि वैश्य नवरा! ज्ञातीत गहजब झाला, पण सयाजीराव पाठीशी राहिले. मग मुंबईत परदेशी मालाच्या दुकानांवर निदर्शने, तुरुंगवास, १९३७ नंतर कायदेमंडळ. ही वाट त्या काळी अनेकींनी तुडवली.

हंसाबेनचे वेगळेपण दिसते ते १९४६ च्या सुमारास. सिंधमधील हैदराबादला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वराज्य दारात आलेले. अशा वेळी नुसते ठराव करून भागणार नाही, स्त्रियांना नेमके काय हवे ते कलमवार लिहून ठेवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यातून भारतीय स्त्रीच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद आकाराला आली. शिक्षण, मतदान, समान कामाला समान वेतन, मालमत्तेत वाटा, विवाहाच्या कायद्यात बरोबरी, हे सारे तिच्यात होते. शिवाय घर सांभाळणाऱ्या बाईचा नवऱ्याच्या मिळकतीतल्या काही भागावर हक्क असावा, अशीही मागणी होती. आज रविवारी सकाळी घरात वाचून दाखवली तरी चहाचा कप खाली ठेवायला लावील अशी!

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या उपसमितीवर आणि पाठोपाठ मानवी हक्क आयोगावर त्या भारतातर्फे गेल्या. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट. जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात समानतेसाठी शब्द होता तो पुरुषवाचक. त्यात स्त्रिया आल्याच, अशी इंग्रजी भाषेची रूढी, आणि रूझवेल्टबाईंनाही त्यात खटकण्यासारखे काही वाटत नव्हते. हंसाबेनना मात्र कायद्याचा अनुभव होता. ज्यांना हक्क द्यायचाच नाही ते या शब्दाचा अर्थ शब्दशः लावतील, ही त्यांची भीती. त्या हटल्या नाहीत. अखेर पुरुषाच्या जागी माणूस आला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ राष्ट्रांनी त्या मजकुराला मान्यता दिली. विरोधात एकही मत नव्हते, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

मधल्या काळात त्या घटना समितीतही होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहाला अर्पण केला तो त्यांनीच. मात्र स्त्रियांसाठी राखीव जागा त्यांना नको होत्या. न्याय हवा, सवलत नको, ही त्यांची भूमिका. इथे त्यांचा अंदाज चुकला असे मला वाटते. उघड्या मैदानात स्त्रियांना जागा मिळाल्या नाहीत. १९९३ ची घटनादुरुस्ती झाली तेव्हा कुठे गावोगावच्या बायका पंचायतीत बसल्या. महाराष्ट्राने पुढे हा वाटा निम्म्यावर नेला. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि तिच्या पहिल्या महापौर एक स्त्री झाल्या. हंसाबेननी कदाचित नाक मुरडले असते, कदाचित आपले मत बदललेही असते.

१९४९ पासून नऊ वर्षे त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. मुलांसाठी गुजरातीत पुस्तके लिहिली, शेक्सपिअरही गुजरातीत आणला. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्या गेल्या. पाचच महिन्यांनी बीजिंगला चौथी जागतिक महिला परिषद भरली.