पाटीलबावांच्या पलटणी

पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाऊसाहेब आणि विश्वासराव उभे राहतात. त्या रणभूमीवर पडलेल्यांसाठी महाराष्ट्राने पुष्कळ अश्रू ढाळले. पण तेथून लंगडत परतलेल्या एका जखमी तरुणाने पुढल्या तीस वर्षांत काय केले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? तो तरुण म्हणजे महादजी शिंदे.

राणोजी शिंद्यांचे हे अनौरस पुत्र. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये मारवाडात नागोरजवळ मारले गेले, दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. एका वर्षाने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतातून पळताना महादजींच्या पायावर घाव बसला आणि तो पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले आणि सेनापतिपदापर्यंत चढवले. पखाल वाहणारा माणूस सेनापती! ज्याच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा माझ्यासारख्याला हे पान पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

घराण्याची सरदारी हाती यायला १७६८ साल उजाडले. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या आणि पुढच्याच जानेवारीत बादशहा शाहआलम त्यांच्या आश्रयाने राजधानीत परतला. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला, त्यातही महादजींचा मोठा वाटा होता.

परंतु महादजींचे खरे शिक्षण विजयात झाले नाही, असे मला वाटते. ऑगस्ट १७८० मधील एका रात्री कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी शिड्या लावून ग्वाल्हेरचा अजिंक्य समजला जाणारा किल्ला घेतला. पुढच्या वर्षी माळव्यातही इंग्रजी पलटणींनी महादजींना मागे रेटले. संख्या थोडी, पण एका हुकुमासरशी चालणारी आणि एका दमात गोळी झाडणारी ती माणसे! अशा शत्रूशी लढत राहण्यापेक्षा महादजींनी मधला मार्ग काढला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात ते इंग्रज आणि पेशवे या दोघांमध्ये जामीन राहिले. ज्याच्या शब्दावर दोन सत्ता विसंबतात, तो नुसता सरदार उरत नाही.

या तहाने मिळालेली सवड त्यांनी वाया घालवली नाही. सॅव्हॉयचा बेन्वा द बॉयन हा भाडोत्री सैनिक गोहदच्या राण्याला मदत करून महादजींचा वेढा उठवण्याचे बेत करीत होता. त्याच माणसाला त्यांनी १७८४ मध्ये नोकरीस ठेवले. आरंभ झाला दोन पलटणींनी. मात्र तेवढ्याने भागणार नव्हते, हे १७८७ मध्ये लालसोटला कळले. राजपुतांशी लढाई ऐन रंगात आली असता पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्लीही हातची गेली आणि १७८८ मध्ये गुलाम कादराने शाहआलमचे डोळे काढले. त्याच वर्षी राणेखानाने दिल्ली परत घेतली.

लालसोटचा धडा साधा होता : बंदूक शिकवता येते, पण उपाशी शिपायाची निष्ठा विकत घेता येत नाही. म्हणून द बॉयनची फौज वाढली तेव्हा तिच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख तोडून देण्यात आला. अलीगडला ठाणे झाले, आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. पगार वेळेवर आणि जखमींच्या उपचाराची सोय, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट! इतिहासाच्या पुस्तकांत तलवारींची वर्णने पानेच्या पाने असतात, पगारपत्रकाला एक ओळही मिळत नाही. जून १७९० मध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता, या दोन लढाया याच कंपूंनी जिंकल्या. मेडत्याला राठोडांचे घोडदळ प्राणांवर उदार होऊन तुटून पडले, पण चौकोन बांधून उभ्या असलेल्या पायदळापुढे त्याचे काही चालले नाही.

१७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रे त्यांनी सवाई माधवरावांना अर्पण केली. दरबारात ते सर्वांच्या खाली बसले आणि आपण पेशव्यांचे जोडे सांभाळणारे पाटील आहोत, असे दाखवण्यासाठी बगलेतून नवे जोडे काढले, अशी हकीकत सांगतात. कोणी याला नाटक म्हणतात. असेलही, नाना फडणिसांशी उत्तरेकडील खर्चाच्या हिशेबाचा वाद होताच! १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला त्यांचा अंत झाला. त्यांची छत्री आजही तेथे आहे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून राहून गेली. पलटणी आपल्या, तोफा आपल्या, पण हुकूम देणारे परके. ती जागा घेतील असे एतद्देशीय अधिकारी तयार झाले नाहीत. १७९५ च्या अखेरीस द बॉयन निवृत्त होऊन युरोपला निघाला. १८०३ मध्ये युद्ध पेटताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतील युरोपियनांना फोडणारा जाहीरनामा काढला आणि कित्येक अधिकारी निघून गेले. द बॉयनच्या जागी आलेला पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपाई मात्र गेले नाहीत. आजच्या जालना जिल्ह्यातील असईला २३ सप्टेंबर रोजी शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफांजवळच कापले गेले. १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या पलटणी अशा लढल्या की त्यांच्या शौर्याची कबुली जनरल लेकला आपल्या पत्रात द्यावी लागली.