बोरघाटाचा अभियंता आणि कंत्राटाचा धडा

रेल्वेची कार्यक्षमता वाढवायची तर यंत्रसामग्री नवी हवी आणि बरीचशी कामे बाहेरच्या कंत्राटदारांकडे सोपवायला हवीत, हा विचार अलीकडचा मानला जातो. वस्तुतः या देशातील रेल्वे उभी राहिली तीच मुळी कंत्राटावर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजेच जीआयपी रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. कंत्राटपद्धतीने काय साधते आणि ती कोठे फसते, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकीर्दीत स्पष्ट दिसतात.

बर्कली यांचा जन्म १८१९ साली लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली इंग्लंडमधील रेल्वेमार्गांवर त्यांची उमेदवारी झाली. पुढे स्टीफन्सन यांच्याच शिफारशीने त्यांची जीआयपीच्या कामावर नेमणूक झाली आणि १८५० च्या प्रारंभी, वयाच्या तिशीत, ते मुंबईस आले. ज्या कंपनीची त्यांनी चाकरी पत्करली तिच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा झाला तर कंपनीचा आणि तूट आली तर ती भरायची सरकारी तिजोरीने, म्हणजे अखेर येथील रयतेने, असा तो व्यवहार होता. काटकसरीने काम करण्याची निकड अशा व्यवस्थेत मंदावते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

मुंबई ते ठाणे या पहिल्या मार्गाचे काम फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांना देण्यात आले. १६ एप्रिल १८५३ रोजी २१ मैलांच्या या मार्गावर गाडी धावली. १८५४ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणला पोहोचला, तर १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत गेला. बर्कली यांनी एतद्देशीय कंत्राटदारांनाही वाव दिला. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी जीआयपीच्या मार्गावर अनेक कामे घेतली आणि ती निभावून नेली. माहितगार कंत्राटदार, आटोपशीर काम आणि जवळची देखरेख असली म्हणजे ही पद्धत यशस्वी होते, याचे हे उदाहरण होय.

खरी कसोटी बोरघाटात लागली. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ! बर्कली यांनी सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांची वारंवार पाहणी करून मार्ग आखला. एका अवघड जागी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने वर नेण्याची योजना त्यांनी केली. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्येच सुरू झाला. मात्र मधल्या घाटाचे काम पुरे होईपर्यंत प्रवाशांना पालखी, तट्टू वा बैलगाडीने डोंगर चढावा लागे.

घाटाचे कंत्राट पुन्हा फॅव्हिएल यांनाच मिळाले होते. त्यांनी ते पोटकंत्राटदारांत वाटले, त्यांच्याखाली मुकादम आले आणि या उतरंडीच्या तळाशी असलेल्या मजुराच्या हाती वेळेवर मजुरी पडेना. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनीच काम चालविले. त्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून निवर्तले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजार माणसे राबत होती. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांत असंख्य मजूर बळी पडले.

प्रकृती ढासळल्याने बर्कली १८६१ मध्ये मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा मार्ग खुला झाला, तो पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. चौकशीत जीआयपीच्या इतरही पुलांचे बांधकाम सदोष आढळले आणि अनेक पूल दुरुस्त करावे लागले, काही नव्याने बांधावे लागले. मार्गाची आखणी अचूक होती, पण दगड आणि चुना पारखणारी नजर ठिकठिकाणी कमी पडली होती.

बर्कली यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांनी आखलेल्या मार्गाने मुंबई आणि दख्खन कायमची जोडली गेली. परंतु त्यांच्या अनुभवातून निघणारा बोध आजही तितकाच प्रस्तुत आहे. स्थानकांची स्वच्छता, गाडीतील भोजन, बांधकाम, देखभाल अशी कितीतरी कामे रेल्वे आता कंत्राटाने करून घेते. त्यात तत्त्वतः गैर काही नाही. मात्र काम बाहेर दिले तरी त्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही. काम पारखणारे स्वतःचे कुशल अभियंते व निरीक्षक रेल्वेपाशी पुरेशा संख्येने असले पाहिजेत आणि शेवटच्या मजुराच्या मजुरीची हमी मूळ मालकाने घेतली पाहिजे. कंत्राटदाराने मजुरी थकविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व कायद्यात यायला १९७० साल उजाडावे लागले. बोरघाटातील मजुरांनी त्याची किंमत १११ वर्षे आधीच मोजली होती. नव्या गाड्या आणि नवी यंत्रे आणताना देखरेखीवरील खर्च हीच पहिली काटकसर ठरली, तर ते आधुनिकीकरण टिकाऊ होणार नाही.