जॉन पोस्टेल : नावांचा कारभारी

आमच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ मागे एकदा कोणाला उघडे, कोणाला उघडेना. तपासले तेव्हा दिसले की, नोंदविलेल्या दोन नेमसर्व्हरांपैकी एकावर जुनाच पत्ता राहिला होता. दोन सर्व्हर कशासाठी, हे शोधताना मला जॉन पोस्टेल भेटले.

त्यांचा जन्म १९४३ साली कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिस येथे विद्यार्थी असतानाच ते आर्पानेटच्या कामात पडले. १९६९ पासून त्या जाळ्याची नियमटिपणे त्यांनी अखेरपर्यंत संपादित केली. क्रमांकांची नोंदवहीही तेच सांभाळीत. पूर्वी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ती आवरेनाशी झाली, तेव्हा पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर काम सोपविले व १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत जन्मली. प्रत्येक डोमेनला किमान दोन स्वतंत्र सर्व्हर हवेत, हा दंडक १९८४ च्या टिपणात पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी घातला. एक बंद पडला तरी नाव हरवू नये, हा हेतू.

जानेवारी १९९८ मध्ये त्यांच्या एका पत्रावरून आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांनी आपली दिशा त्यांच्याकडे वळविली. सरकारने हरकत घेताच त्यांनी ते पूर्ववत केले. पण एवढा विश्वास एकाच माणसावर आहे, हे जगाला कळले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतर, पंचावन्नाव्या वर्षी ते वारले.

आता मी दोन्ही सर्व्हर दर महिन्याला तपासतो.